मशीन त्याच्याच मांगरात सापडलं, तरी आरोपी निर्दोष कसा?

खाडीपलीकडचा

नमस्कार मंडळी. मी मालवण तालुक्यातला, गाव सांगत नाही कारण विषय नाजूक आहे. आमच्या काकांची छोटी फायबरची होडी. २०१९च्या पावसाळ्यात मासेमारीबंदी चालू होती, होडी वर ओढून झापांनी शाकारलेली आणि आउटबोर्ड मशीन (होडीला मागे लावायचं इंजिन) उतरवून किनाऱ्यावरच्या खोपीत ठेवलेलं, ते एका रात्रीत गेलं. काकांनी फिर्याद दिली. दिवाळी झाल्यावर पोलिसांनी शेजारच्या वाडीतल्या एकाला उचललं, त्याने कबूल केलं, स्वतः पुढे चालत जाऊन मांगरातलं (घराबाहेरच्या गोठ्यावजा खोपटातलं) पेंढ्याखालचं मशीन काढून दिलं, पंचनामा झाला, अख्ख्या वाडीने बघितलं. आणि आता इतक्या वर्षांनी निकाल आला, आरोपी निर्दोष. काकांच्या तोंडात घास जात नाहीये. मला एवढंच समजून घ्यायचंय की कबुली आहे, माल सापडलाय, सगळ्यांना माहीत आहे, मग अजून काय हवं असतं गुन्हा सिद्ध व्हायला?

चाकरमानी_डोंबिवली

पैसे चारले असणार कुणीतरी. पोलिसांसमोर कबूल केलं म्हणजे विषय संपला ना? नंतर फिरला म्हणून काय सोडून द्यायचं?

ओरोसचा_वकील

चाकरमानी, पुरावा नसताना पैसे चारले म्हणणं हेसुद्धा एकावर आरोप ठेवण्यासारखंच आहे, आणि या धाग्याचा विषयच तो आहे, तेव्हा जरा दमाने घेऊया.

पोलिसांसमोरच्या कबुलीचं आधी सांगतो कारण हा गैरसमज घरोघरी आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही. १८७२च्या पुरावा कायद्यात कलम २५ आणि २६ होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष अधिनियमात तेच कलम २३ आहे. कारण उघड आहे, कोठडीत माणूस काय काय कबूल करेल याचा भरवसा नाही. कबुली चालवायची तर ती मॅजिस्ट्रेटसमोर, आणि तो आधी समजावतो की बाबा तुला कबुली द्यायची सक्ती नाही आणि दिलीस तर तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. शिवाय राज्यघटनेचं कलम २०(३) आहेच, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येत नाही.

याला एकच वाट ठेवलीय, जुनं कलम २७. आरोपीने कोठडीत दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू खरोखर सापडली, तर तेवढ्या माहितीचा तेवढाच भाग घेता येतो. १९४६ला प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वात वरच्या अपील कोर्टाने, पुलुकुरी कोटय्या खटल्यात हे पक्कं केलं. आरोपी म्हणाला 'मी अमक्याला भोसकलं तो चाकू घराच्या छपरात लपवलाय, चला दाखवतो', तर चाकू लपवल्याचं आणि दाखवण्याचं घेता येईल पण 'भोसकलं' हे शब्द गळतात. म्हणजे तुमच्या केसमध्ये 'मी चोरलं' हे कोर्टाने वाचायचंच नाही, 'मांगरात पेंढ्याखाली ठेवलंय' एवढंच उरतं, आणि तेही पंचनाम्यातून शाबीत व्हायला पाहिजे.

तुम्ही निकालपत्र वाचलंत का? ई-कोर्ट्सच्या साइटवर केस नंबर टाकून बघा, कदाचित तिथेच मिळेल. ते वाचल्याशिवाय मी पुढे काही बोलणं बरोबर नाही.

खाडीपलीकडचा

वाचलं साहेब, काल रात्री बसून. कोर्टाने चार गोष्टी धरल्यात. एक, मांगर तिघा भावांचा सामाईक आहे आणि त्याला कुलूप नाही, नुसती कडी. दोन, एक पंच म्हणाला की माझी सही पोलीस ठाण्यात घेतली, मी मांगरावर गेलोच नाही, दुसरा पंच मधल्या काळात वारला. तीन, काकांच्या फिर्यादीत मशीनचा नंबर नाही, फक्त कंपनी आणि 'जुने वापरते' एवढंच आहे, पंचनाम्यात नंबर लिहिलाय पण खरेदीचं बिल कोर्टात आलंच नाही. काकांनी 'हँडलजवळ निळा रंग लागलाय त्यावरून माझं ओळखतो' म्हणून सांगितलं, तर उलटतपासणीत विचारलं की निळा रंग किनाऱ्यावर किती जणांच्या मशीनला असतो, काका खरं बोलले, म्हणाले बऱ्याच जणांच्या असतो, होड्या रंगवताना लागतो. चार, चोरी आणि माल सापडणं यात चार महिन्यांचं अंतर.

बिल तर घरात होतं हो, काकीच्या ट्रंकेत! कुणी मागितलंच नाही.

ओरोसचा_वकील

हे वाचल्यावर मला निकालाचं आश्चर्य वाटत नाही, आणि काकांबद्दल फार वाईट वाटतं, कारण ते खरं बोलले.

बघा, चोरी म्हणजे नेमकं काय हे आधी. दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने हलवणं. हा एकेक तुकडा सरकारने शाबीत करायचा असतो, आरोपीने काहीही शाबीत करायचं नसतं, तो अख्खा खटला गप्प बसला तरी चालतं. घटना २०१९ची म्हणून तुमचा खटला जुन्या भारतीय दंड संहितेतल्या ३७९ खालीच चालला, नवीन न्याय संहितेतलं ३०३ लागत नाही.

आता चोरताना बघणारा कुणी नाही, म्हणजे सगळा भार परिस्थितीजन्य पुराव्यावर. चोरीचा माल चोरीनंतर लवकरच एखाद्याच्या ताब्यात सापडला आणि त्याला समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर तो चोर आहे किंवा माहीत असून चोरीचा माल घेणारा आहे असं कोर्ट गृहीत धरू शकतं, पुरावा कायद्याच्या जुन्या कलम ११४चं पहिलंच उदाहरण आहे ते. धरू 'शकतं', धरलंच पाहिजे असं नाही. आणि त्यासाठी तीन गोष्टी आधी लागतात, तो माल तोच आहे, तो त्याच माणसाच्या ताब्यात होता, आणि चोरी होऊन फार दिवस झाले नव्हते. तुमच्याकडे तिन्ही ढिल्या. बिल नाही म्हणून मशीन काकांचंच हे पक्कं नाही. मांगर सामाईक आणि उघडा, मग तिघा भावांपैकी कुणी किंवा बाहेरच्या कुणी आणून ठेवलं नसेल कशावरून? उघड्या जागेत सापडलेला माल प्रत्येक वेळी बाद होतो असं नाही, पेंढ्याखाली दडवलेलं फक्त दडवणाऱ्यालाच माहीत असतं हा युक्तिवाद चालतो, पण तो चालायला पंचनामा भक्कम लागतो आणि नेमका तोच कोसळला. दुसरा पंच गेला. तपास अधिकाऱ्याच्या एकट्याच्या साक्षीवरही पंचनामा शाबीत होऊ शकतो, पण पहिला पंच शपथेवर 'मी गेलोच नाही' म्हणतोय म्हटल्यावर कोर्ट विश्वास ठेवायला कचरणारच.

सुप्रीम कोर्टाचा १९८४चा शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र शासन हा निकाल या विषयात पायाचा मानतात. पुण्यातली विवाहिता विष पोटात जाऊन मरण पावलेली, नवऱ्याला फाशी झालेली, सुप्रीम कोर्टाने त्याला सोडलं. त्यात परिस्थितीजन्य पुराव्याची जी पाच तत्त्वं सांगितली त्यांना कोर्टानेच पंचशील म्हटलंय. सार असं, की प्रत्येक परिस्थिती आधी स्वतंत्रपणे पूर्ण शाबीत झाली पाहिजे, मग त्या सगळ्या मिळून फक्त आरोपीच्या दोषाकडेच बोट दाखवल्या पाहिजेत, दुसरी कुठलीही शक्यता उरता कामा नये. 'असेल' आणि 'असलाच पाहिजे' यात लांबचं अंतर आहे असं १९७३च्या शिवाजी साहेबराव बोबडे निकालात म्हटलंय. गावाला माहीत आहे ते 'असेल'मध्ये बसतं.

रापणकार

माझो चुलतो अशाच एका केसीत पंच होतो. बाजारात गाठल्यानी आणि 'जरा सही करा' म्हणान कागद पुढे केल्यानी, तेणी भिडेन सही केल्यान. आत काय लिवला हा तेचो पत्तो नाय. मगे लय वर्सांनी समन्स इला. वकिलान इचारल्यान 'तुम्ही जागेवर गेलेलात काय?' आता शपथ घेवन खोटा कसा बोलतलो? नाय म्हणालो. आरोपी सुटलो. गाव म्हणता हेणी पैसे खाल्ले. म्हाताऱ्याक तेचा दुःख अजून हा. म्हणान सांगतंय, त्या पंचाक शिव्या घालू नकात.

निवृत्त_नाझर

रापणकार, तुमचे चुलते शपथेवर खरं बोलले, फितूर साक्षीदार म्हणायची वेळ त्यांच्यावर यायला नको होती.

मी कोर्टात मुद्देमाल सांभाळण्याचं काम केलं आहे, त्यामुळे दोन गोष्टी सांगतो. मुद्देमाल जप्त करताना जागेवरच लेबल लावून त्यावर पंचांच्या सह्या आणि लाखेचं सील करायचं असतं. किनाऱ्यावरून येणाऱ्या वस्तूंचं काय होतं, खाऱ्या हवेने लोखंड खातं, लेबल गळून पडतं, लाख सुटते, पावसाळ्यात कागदाचा लगदा होतो, मग साक्षीच्या दिवशी मशीन समोर ठेवतात आणि साक्षीदाराला विचारतात हेच का ते, आणि लेबलच नाही. सरकारी वकिलाने कितीही जीव तोडला तरी तिथे केस बसते. असं मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून फिर्याद देतानाच मशीन नंबर, बिलाची झेरॉक्स, जुना फोटो असेल तर फोटो, असा सगळा ऐवज पोलिसांना द्या आणि दिल्याचं जबाबात लिहून घ्या. वाचून दाखवा म्हणा, फिर्यादीची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १०५ आलंय, झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ शूटिंग करायचं, मोबाइलवर चालतं, आणि ते उशीर न लावता मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं. हे मनापासून राबवलं तर ठाण्यात बसून पंचनामे लिहिणं बंद होईल. पंच म्हणून बोलावलं तर जा, पण जागेवर गेल्याशिवाय आणि वाचल्याशिवाय सही करू नका, एवढं हात जोडून सांगतो.

सुरंगी

सगळं पटतंय पण मला एक विचारायचंय. ज्याचं गेलं त्याने नंबर पाठ ठेवायचा, बिल जपायचं, वर्षानुवर्षं तारखांना जायचं, मासेमारी बुडवून. आणि आरोपीने काहीच करायचं नाही, नुसतं बसून राहायचं. हा कायदा नेमका कुणासाठी आहे? काकांनी काय पाप केलं?

ओरोसचा_वकील

ताई, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि त्याला वरवरचं उत्तर देणार नाही.

खटला काका विरुद्ध आरोपी असा नसतो, तो राज्य विरुद्ध आरोपी असतो. एका बाजूला पोलीस, कोठडी, सरकारी वकील, प्रयोगशाळा, आणि दुसऱ्या बाजूला एक माणूस ज्याला कदाचित वकीलही सरकारनेच द्यावा लागेल. हरला तर तुरुंग आणि जन्माचा डाग. म्हणून भार राज्यावर. इंग्लंडमध्ये १९३५ला वूलमिंग्टन खटल्यात लॉर्ड सँकी यांनी याला फौजदारी कायद्याच्या वस्त्रातला सोनेरी धागा म्हटलं होतं, आपल्याकडे तो घटनेच्या कलम २१च्या आधाराने आणखी घट्ट झालाय. दिवाणी दाव्यात कुणाचं पारडं जड एवढं बघतात, फौजदारीत वाजवी शंकेपलीकडे शाबीत करावं लागतं.

पण शंका 'वाजवी' हवी. ज्या बोबडे निकालाचं वर सांगितलं त्यातच न्या. कृष्ण अय्यर यांनी उलटी बाजूही मांडलीय, की उगाच कल्पनेतल्या शंका काढून दोषी माणसाला सोडणं हासुद्धा न्यायाचा पराभवच आहे, लोकांचा कायद्यावरचा विश्वास त्याने उडतो. काकांवर अन्याय झाला हे मी नाकारत नाहीच. माझं म्हणणं एवढंच की तो अन्याय खोपीतून मशीन नेणाऱ्याने केला, आणि मग निष्काळजी तपासाने केला. ज्याने पंचनामा ठाण्यात बसून लिहिला आणि बिल मागितलं नाही त्याच्याकडे बोट दाखवा. पुरावा कमी पडतोय म्हणून शिक्षेची पायरी खाली आणली तर उद्या निष्काळजी तपासावरच माणसं आत जातील.

हापूस_पायरी

सुरंगीताई, मी दुसऱ्या बाजूने सांगते. माझ्या भावावर आंबे चोरल्याची फिर्याद झाली होती, रत्नागिरी तालुक्यात, चुलत घराण्याने केलेली. जमीन सामाईक, सातबारावर सगळ्यांची नावं, वाटप झालेलं नाही, आणि आंब्याची कलमं आजोबांनी लावलेली. भावाने उतरवलेले आंबे, पेट्या भरत असताना पोलीस आले. गावात दुसऱ्या दिवसापासून 'चोर'. आईने देवळात जाणं सोडलं. त्याचं लग्न ठरत होतं ते मोडलं. शेवटी कोर्टाने सोडलं कारण त्याला ती झाडं आपली वाटत होती आणि तसं वाटायला कागदाचा आधार होता. कोर्टाने आधीपासूनच त्याला दोषी धरला असता आणि 'तू निर्दोष आहेस ते दाखव' म्हटलं असतं तर आम्ही कुठून दाखवणार होतो?

ओरोसचा_वकील

कोकणात या आंब्या-नारळाच्या केसेस इतक्या होतात की यावर वेगळा धागा काढला पाहिजे. झाडावर लटकलेला आंबा कायद्याने जमिनीचाच भाग, तो जंगम नाही म्हणून त्याची चोरी होत नाही, देठ तुटला की त्या क्षणी तो चोरीचा विषय होतो. आणि तोडणाऱ्याला प्रामाणिकपणे वाटत असेल की झाड माझं आहे, तर अप्रामाणिक हेतूच नाही, मग चोरी नाही. सुप्रीम कोर्टाने चंडीकुमार दास कर्मकार खटल्यात हेच सांगितलं, तिथे आंब्याऐवजी तळ्यातले मासे होते, तळ्यावर दोघांचा हक्काचा वाद होता. मात्र दावा खरा हवा, सातबारावर नाव नाही, कधी वहिवाट नाही आणि रात्री बॅटरी लावून आंबे उतरवले तर 'मला वाटलं माझं' चालणार नाही. फौजदारी कायद्यात नुसतं कृत्य पुरत नाही, मनात काय होतं तेही बघतात, आणि मनातलं हे माणसाच्या वागण्यावरूनच ओळखायचं असतं.

याला अपवाद आहेत, काही कायद्यांत हेतू बघतच नाहीत. १९६२ला झुरिकहून मनिलाला जाणारा एक प्रवासी विमान मुंबईला थांबलं तेव्हा ३४ किलो सोन्यासह पकडला गेला, मेयर हान्स जॉर्ज त्याचं नाव, नियम नुकताच बदलला होता आणि तो म्हणाला मला माहीत नव्हतं. सुप्रीम कोर्टाने १९६४ला बहुमताने त्याला दोषीच धरलं, न्या. सुब्बा राव यांनी विरोधी मत दिलं. मला व्यक्तिशः सुब्बा राव यांचं मत जास्त पटतं, पण कायदा बहुमताचा.

खाडीपलीकडचा

सर्वांचे आभार, बरंच डोक्यात शिरलं. आता एक अडचण सांगतो. रविवारी गावात बैठक आहे. काहींचं म्हणणं कोर्ट गेलं खड्ड्यात, त्याला ग्रामदेवतेसमोर उभा करून कौल लावायचा, नारळावर हात ठेवून बोल म्हणायचं, कबूल झाला तर बरं आणि नाही झाला तर वाळीत टाकायचं, त्याच्याकडे कुणी जायचं नाही, गणपतीत आरतीला बोलवायचं नाही. काका गप्प आहेत. मी काय करू?

ओरोसचा_वकील

ती बैठक थांबवा. हे मी घाबरवायला म्हणत नाही.

देवासमोर कोण काय बोलतो तो त्याच्या श्रद्धेचा प्रश्न, त्यात मी पडत नाही. पण दहा-वीस माणसांनी घेरून उभं केलेला माणूस स्वखुशीने बोलतोय असं कुठलं कोर्ट म्हणेल? कोर्टाबाहेरची कबुली एरवीही कच्चा पुरावा समजतात, तिला दुसरा आधार लागतो, आणि दबावाखालची असेल तर तीही गेली. त्यातून तो एकदा निर्दोष ठरलाय, अपिलात फिरेपर्यंत कायद्याने त्याच्यात आणि तुमच्या-माझ्यात काही फरक नाही. धरून आणलं, डांबलं, हात उगारला तर तो स्वतंत्र गुन्हा, मग आरोपीच्या पिंजऱ्यात तुमचे काका उभे राहतील.

आणि वाळीत टाकण्याचं तर नावच काढू नका. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६चा स्वतंत्र कायदा केलाय, तो २०१७ला लागू झाला, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तो व्हावा लागला त्यामागे आपल्या कोकणातल्या, विशेषतः रायगडकडच्या गावकीने वाळीत टाकलेल्या कुटुंबांची प्रकरणं होती, हे आपण लक्षात ठेवलं पाहिजे. बैठकीत नुसता ठराव करणारे, त्याच्या बाजूने हात वर करणारेही त्यात येतात.

रापणकार

वकीलसाहेब बरोबर सांगतत. आणि तेच्या घरात पोरा आसत, शाळेत जाणारी. तेंचो काय गुन्हो?

खाडीपलीकडचा

मान्य. मी पोलीस पाटलांशी आणि मानकऱ्यांशी आजच बोलतो, हा धागा दाखवतो त्यांना. पण मग काकांना काहीच मार्ग नाही का?

ओरोसचा_वकील

आहे ना. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७२ला २००९पासून परंतुक जोडलेलं आहे, ज्याचं नुकसान झालं तो स्वतः निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करू शकतो, नव्या संहितेत हेच कलम ४१३. निकाल मॅजिस्ट्रेट कोर्टाचा असल्याने तुमचं अपील सत्र न्यायालयात, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला. सरकारनेही अपील करावं म्हणून सरकारी वकिलांना लेखी अर्ज द्या. निकालाची सर्टिफाइड कॉपी लगेच काढा, उशीर लावू नका.

बिलाचं काय? अपील कोर्टाला जादा पुरावा घेता येतो, कारणं नोंदवून, पण सरकारी पक्षाची राहिलेली फट बुजवायला ती सवलत सहसा देत नाहीत, त्यामुळे अर्ज जरूर करा पण त्यावर सगळी आशा ठेवू नका. आणि निर्दोष सुटकेविरुद्धचं अपील मुळातच अवघड, कारण आरोपीच्या बाजूने निर्दोषत्वाचं गृहीतक आता दुप्पट झालंय. दोन मतं शक्य असतील तर खालच्या कोर्टाचं मत सहसा बदलत नाहीत.

मशीन आत्ता कुठे आहे? काकांनी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे हमी लिहून देऊन, ताब्यात घेतलं होतं का?

खाडीपलीकडचा

नाही, अजून कोर्टाच्या मुद्देमालातच आहे. काका तेव्हापासून दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जातात.

निवृत्त_नाझर

अरेरे, हे तेव्हाच व्हायला हवं होतं. सुप्रीम कोर्टाने २००२ला सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितलंय की मुद्देमाल विनाकारण सडवत ठेवू नका, फोटो काढा, पंचनामा करा, बाँड घ्या आणि हक्कदाराला द्या.

निकालाच्या शेवटच्या पानावर मुद्देमालाचा आदेश असतो तो बघा. आरोपीने ३१३च्या जबाबात, म्हणजे पुराव्याबद्दल कोर्ट त्याला विचारतं त्याच्या उत्तरात, काय म्हटलंय?

खाडीपलीकडचा

'मशीन माझे नाही, मला खोटे गुंतवले आहे.' आणि शेवटी लिहिलंय, अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमाल फिर्यादीस परत द्यावा.

निवृत्त_नाझर

मग मशीन काकांना मिळेल, त्यावर दुसऱ्या कुणाचा दावाच नाही. फक्त तुम्ही अपील करणार असाल तर ते कोर्टाच्या ताब्यातच अडकून राहू शकतं. म्हणून अपिलासोबतच सुपूर्दनाम्यावर परत मिळण्याचा अर्ज जोडा, हमीपत्र, काकांचं आधार आणि ट्रंकेतलं ते मूळ बिल घेऊन जा. बाँडवर सही करण्याआधी यादीतला मशीनवरचा नंबर बिलाशी ताडून बघा.

खाडीपलीकडचा

काकीने बिल काढून दिलंय. सोमवारी काकांना घेऊन ओरोसला येतो, वकीलसाहेब तुम्हाला मेसेज करतो. बैठक मानकऱ्यांनी पुढे ढकललीय, रद्द व्हावी म्हणून उद्या परत जातोय.